दोन हॉस्पिटल, दोन सुया: पाठीतलं पाणी काढून घेतल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, नाव दोन्ही हॉस्पिटलांचं लिहिणार नाहीये. पहिल्याचं लिहिलं तर भांडण लागेल आणि दुसऱ्याचं लिहिलं तर तिथल्या सिस्टर दोन मिनिटांत ओळखतील ही बाई कोण ते, कारण डे-केअरच्या बेडवर बसून सुईचा नंबर विचारणारी पेशंट त्यांना काय रोज मिळत नसणार. मी ब्लाऊज शिवते. सव्वीस वर्षं झाली. त्यामुळं कुणी माझ्या पाठीत सुई घालणार म्हटल्यावर पहिला प्रश्न डोक्यात आला तो हाच की सुई कुठली, टोक कसलंय.

हे सगळं खरं तर २०२१ लाच लिहायचं होतं, राहून गेलं. गेल्या महिन्यात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या आमच्या एआरटी सेंटरच्या रांगेत एका ताईला डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायला सांगितलं आणि ती तिथंच रडायला लागली की आता मी लुळी पडणार, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

माझं थोडक्यात. एचआयव्ही २००९ पासून माहितीय. सरकारी गोळी चालू, पहिली लाइन २०१५ ला फेल गेली म्हणून सेकंड लाइन लावली, त्यात ॲटाझानावीर-रिटोनावीर. त्या गोळीनं डोळे जरा पिवळट दिसायचे, शेजारच्या काकू दर महिन्याला विचारायच्या कावीळ झाली का गं, आणि मी दर महिन्याला उसाचा रस पिते म्हणून सांगायचे. बाकी तब्येत टकाटक, रक्तातला व्हायरल लोड, म्हणजे व्हायरस किती आहे तो आकडा, दरवेळी 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे सापडतच नाही, आणि सीडीफोर, म्हणजे लढणाऱ्या पेशींचा आकडा, पाचशेच्या वर.

मग २०१९ ची दिवाळी. कामाचा डोंगर, आणि मला सुईत दोरा ओवता येईना. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नवीन चष्मा केला तरी तेच, दोऱ्याचं टोक सुईच्या नाकाच्या आजूबाजूला नाचायचं. मापाच्या वहीत छाती ३६ लिहायला गेले तर तो ६ खालच्या ओळीत घरंगळला. चालताना डावा पाय घसटायला लागला. एआरटी सेंटरचे डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी हात पुढं करायला लावले, नाकाला बोट लावायला सांगितलं आणि म्हणाले, "रक्तात व्हायरस नाही म्हणजे मेंदूत नाहीच असं धरून चालता येत नाही हो ताई." मेंदूच्या एमआरआयमधे पांढरे डाग निघाले. मग पाठीतलं पाणी, कारण मेंदूभोवतीचं पाणी तेच मणक्यात असतं.

पहिलं हॉस्पिटल, आमच्याच भागातलं. दोन स्टार, आणि दुसरा स्टार पण मी दयेपोटी देतेय.

गेल्या गेल्या फाइलवर लाल मार्करनं एवढ्या मोठ्या अक्षरात एचआयव्ही लिहिलं. वॉर्डात येणारा जाणारा प्रत्येक माणूस ती फाइल वाचत होता, चहावाल्यासकट. २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू पण झालाय, त्यात कुणाचं स्टेटस असं उघडं करायला सरळ मनाई आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता आहे. आणि लाल मार्करचा उपयोग तरी काय, ग्लोव्ह्ज काय फक्त माझ्यासाठीच घालणार होते का, बाकीच्यांचं रक्त काय गंगाजल असतं?

सही घेतली इंग्रजी फॉर्मवर, कुणी वाचून दाखवला नाही. शिकाऊ डॉक्टर होता, पोरगा गुणी होता पण घाबरलेला, मला बसवून पुढं वाकवलं आणि तीनदा टोचलं. तिसऱ्यांदा पाणी आलं ते पहिल्या ट्यूबमधे गुलाबी. सुई जाताना रक्त लागलं तर असं होतं, पुढच्या ट्यूबा साफ होत जातात, पण त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी पण मोजणीत घुसतात आणि रिपोर्ट उगाच वाढीव दिसतो, म्हणून पेशी शेवटच्या साफ ट्यूबमधून मोजायला पाठवतात. इथं कुठली पाठवली देव जाणे.

आणि मग कहर. त्या ट्यूबा बिलिंगच्या काउंटरवर पडून राहिल्या. मी स्ट्रेचरवर आडवी, तिथून दिसत होत्या मला, रबरबँड लावून ठेवल्या होत्या पेनस्टँडच्या शेजारी, कारण पैसे भरल्याशिवाय लॅब घेत नाही आणि माझा भाऊ एटीएम शोधत फिरत होता. पावणेदोन तास. या पाण्यातल्या पेशी तास-दोन तासांत फुटायला लागतात, म्हणजे जेवढा उशीर तेवढा आकडा कमी. एकीकडे रक्तानं वाढवलेला, दुसरीकडे उशिरानं घटवलेला, असला रिपोर्ट आमचा.

तरी पेशी ३८ आल्या. नॉर्मल पाचपर्यंत. प्रोटीन ९२, ते साधारण ४५ च्या आत पाहिजे. टीबीची टेस्ट निगेटिव्ह, क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असते ती निगेटिव्ह, सिफिलिसची निगेटिव्ह. मी म्हटलं चला, काही नाही निघालं. डॉक्टरांना फोन केला तर ते पलीकडून ओरडलेच, "आणि त्या पाण्यातला व्हायरल लोड कुठाय?" पाठवलाच नव्हता! ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तीच टेस्ट फॉर्मवर टिक केलेली नाही. नशीब एक ट्यूब लॅबच्या फ्रीजरमधे उरली होती. त्या लॅबमधल्या बाईंनी स्वतः शोधून पुढं पाठवली, दुसरा स्टार त्यांचा.

रिपोर्ट आला: पाण्यात मिलीला व्हायरसच्या ४,२०० कॉपी. त्याच आठवड्यात रक्तात शून्य.

याला सीएसएफ एस्केप म्हणतात, सीएसएफ म्हणजे हेच पाणी. रक्तातून व्हायरस गायब, पण मेंदूच्या पाण्यात गुपचूप वाढतोय. पश्चिम भारतातल्या पेशंटांवर पुण्याच्या डॉक्टरांनी २०१८ ला यावर पेपर लिहिलाय, बंगलोरच्या निम्हान्सनं पण बरंच काम केलंय, आणि अशा केसमधे माझ्यावाली ॲटाझानावीर खाणारी मंडळी बरीच दिसतात. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, घाबरून गोळी थांबवू नका, माझी चिठ्ठी बघून बदलून तर मुळीच नका. माझ्यातल्या व्हायरसचं जेनोटाइप, म्हणजे जनुकांची तपासणी, करून, कुठल्या औषधाला व्हायरस अजून दबतो ते बघून, जानेवारी २०२० मधे डोल्युटेग्राविर आणि सोबत दुसरी औषधं बसवली.

डोकेदुखी सांगायची राहिली. टोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी सुरू झाली. उठून बसलं की कवटी कुणीतरी मागं खेचतंय असं, आडवं झालं की पाच मिनिटांत गायब. सहा दिवस. भोक पडतं त्यातून पाणी आतल्या आत झिरपत राहतं म्हणून होतं ते. सासूबाई म्हणाल्या, बघ मी सांगितलं होतं, पाठीतलं पाणी काढलं की माणूस कामातून जातो. तसं काही नसतं हो. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई घालतात तिसऱ्या-चौथ्याच्या किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधे, तिथं खाली नुसत्या नसांच्या बटा पाण्यात तरंगत असतात. पाणी पण एकूण दीडशे मिली असतं आणि शरीर रोज पाचशे मिली नवीन बनवतं, दहा मिली काढलं तर अर्ध्या तासात भरपाई. सासूबाईंना हे हिशोबासकट सांगितलं, त्या म्हणाल्या असेल बाई.

दुसरं हॉस्पिटल, पुणे, फेब्रुवारी २०२१. साडेचार स्टार. अर्धा कुठं कापला ते पुढं येईल.

औषध बदलल्यावर काही महिन्यांत परत पाणी बघायचं होतं, लॉकडाऊननं ते वर्षभर लांबलं. तोवर हात बराच थांबला होता, पण डॉक्टर म्हणाले बघायचंच. या वेळी लेक बरोबर, ती मायक्रोबायॉलॉजी शिकतेय, आणि बॅगेत तिची वही.

फाइल साधी. आत छोटासा कोड. सिस्टरनं पडदा ओढून मग विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत, हळू आवाजात. एवढ्याशा गोष्टीनं मला भरून आलं, काय सांगू. फॉर्म मराठीत, डॉक्टर मॅडमनी स्वतः शेजारी बसून वाचून दाखवला.

आता सुई. मी विचारल्यावर मॅडमनी पाकीट न फोडता दाखवली. पेन्सिल पॉइंट. टोक बंद, पेन्सिलीसारखं निमुळतं, आणि पाणी यायचं भोक बाजूला. ते बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. होजिअरीचं कापड तुम्ही साध्या धारदार सुईनं शिवलं तर धागे तुटतात आणि दोन धुण्यांत टाक्याशेजारी भोकं पडतात, म्हणून त्याला बॉल पॉइंट सुई लावतात, ती धागा कापत नाही, बाजूला सारून मधून जाते आणि सुई निघाली की धागे परत जागेवर. सेम टु सेम! मणक्याभोवतीचं आवरण पण असंच तंतूंचं, पहिल्या ठिकाणी वापरली ती धारेची, ती कापत गेली असणार. मी हे मॅडमना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, मी पुढच्या बॅचला असंच शिकवणार. लेकीनं वहीतून काढून दाखवलं, २०१८ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात कितीतरी अभ्यास एकत्र करून हिशोब मांडलाय, जुन्या सुईनं शंभरात अकरा जणांना डोकेदुखी, या सुईनं चार. सुई थोडी महाग आहे. ब्लाऊजच्या अस्तरात पैसे वाचवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी जे सांगते तेच इथं सांगेन.

कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. भूल द्यायचं इंजेक्शन झोंबतं, मुंगी नाही गांधीलमाशी चावल्यासारखं, दहा-पंधरा सेकंद. मग नुसता दाब. एकदा उजव्या मांडीत करंटसारखी कळ गेली, मॅडमनी लगेच दिशा बदलली. मग काचेसारखी उभी नळी लावून पाण्याचं प्रेशर मोजलं, चौदा सेंटिमीटर आलं, पंचवीसच्या आत चालतं. आणि मग लेक म्हणाली आई ट्यूब बघ. स्वच्छ. पावसाच्या पागोळीसारखं, थेंब थेंब, चार ट्यूबा. सिस्टरनं प्रत्येकीवर नंबर घातला आणि मोठ्यानं वाचलं कुठल्या ट्यूबमधून काय जाणार, व्हायरल लोड धरून. वॉर्डबॉय हातात घेऊन निघाला, बिल नंतर. मी घड्याळ लावलं होतं, अकरा मिनिटांत लॅबमधे पोचल्याचा मेसेज. तास-दीड तास पडून राहायला सांगितलं, पण चोवीस तास उताणं पडून राहिल्यानं डोकेदुखी टळते हे खरं नाही म्हणाल्या. मला दुखलंच नाही. संध्याकाळी मिसळ खाल्ली.

आता तो अर्धा स्टार. लेकीला या पाण्यात निओप्टेरिन पण बघायचं होतं. हे काय प्रकरण ते तिनं मला रेल्वेत समजावलं. आपल्या टी पेशी चवताळल्या की गॅमा इंटरफेरॉन सोडतात, ते लागलं की मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पेशी निओप्टेरिन बनवतात. म्हणजे व्हायरस किती आहे हे व्हायरल लोड सांगतो, आणि आपलं स्वतःचं सैन्य किती तापलंय हे निओप्टेरिन. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे आणि अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे डॉक्टर वर्षानुवर्षं त्याच पेशंटांचं पाणी परत परत काढून हे मोजत आलेत, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला त्यातलं प्रयोगशाळेचं काम बरंच झालंय. पाण्यात लिटरला ५.८ नॅनोमोलपर्यंत नॉर्मल धरतात. औषध न घेणाऱ्यांत वर जातं, एचआयव्हीमुळं ज्यांची बुद्धी ढासळते त्यांच्यात तर फारच, औषध चालू केलं की खाली येतं. पण, आणि हा पण मोठा आहे, २००७ ला गोथेनबर्गच्या लोकांनी दाखवलं की चार वर्षांहून जास्त चोख औषध घेऊन, व्हायरस दबलेला असून पण बऱ्याच जणांत हे पूर्ण नॉर्मलला येत नाही. दूध उतू गेलं, ओटा पुसला, तरी वास राहतो ना, तसं.

आणि हे सगळं सुरू किती लवकर होतं म्हणाल तर बँकॉकमधे अगदी ताजी लागण झालेल्या लोकांनी स्वेच्छेनं पाणी काढू दिलं, त्यात लागण झाल्याच्या अंदाजे आठव्या दिवशीच व्हायरस सापडला. आठवा दिवस! तोवर साधी एचआयव्हीची टेस्ट पण बहुतेक निगेटिव्ह येते.

तर लॅब काउंटरवर लेकीनं विचारलं निओप्टेरिन होईल का. मुलगा गोड होता, लिस्ट वरून खाली, खालून वर बघितली, म्हणाला, "मॅडम, थायरॉइडचं आहे का ते?" मग गूगल केलं, मग आतल्या सरांना विचारून आला, नाही होत म्हणे. लेक म्हणाली निदान ट्यूबला फॉइल तरी गुंडाळून फ्रीज करून ठेवा, ते उजेडानं खराब होतं. त्यानं तिच्याकडं असं बघितलं की जणू ती डबा पॅक करायला सांगतेय. त्याचा काही दोष नाही, ही संशोधनातली टेस्ट आहे. आमच्या तालुक्यात तर पाण्याचा व्हायरल लोड पाठवायचा तरी दोन फोन करावे लागतात.

पण आयजीजी इंडेक्स होत होती लिस्टवर, आयजीजी म्हणजे एक प्रकारची अँटीबॉडी. ती पण त्याच कुळातली, मेंदूच्या आत अँटीबॉडी बनतायत का ते बघते, आणि तिला त्याच दिवशीचं रक्त सोबत लागतं, दोन्हीकडचं आयजीजी आणि अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन घेऊन गुणोत्तर काढतात. रक्त घ्यायला विसरले! आम्ही रिक्षात बसलेलो, फोन आला परत या. जिना चढून परत टोचून घेतलं. हाच तो अर्धा स्टार. फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असताना.

रिपोर्ट पाच दिवसांनी ईमेलवर, वेळेत. पेशी ३. प्रोटीन ४१. पाण्यातला व्हायरल लोड नॉट डिटेक्टेड, तो रिपोर्ट मी तीनदा उघडला. आणि आयजीजी इंडेक्स ०.९, म्हणजे जरा वर, साधारण ०.७ च्या आत असावी लागते. मला धस्स झालं. मॅडमना फोन केला, त्यांनी उचलला, हे लिहून ठेवा, स्वतः उचलला. म्हणाल्या व्हायरस गेला, पेशी उतरल्या, प्रोटीन उतरलं, हीच खरी बातमी आहे, इंडेक्स कित्येक वर्षं थोडी वर राहू शकते आणि तेवढ्यासाठी गोळी वाढवून फायदा होत नाही, परदेशात वाढीव औषध देऊन पण बघितलंय, पाण्यातली ही धग त्यानं कमी झाली नाही. मी विचारलं मग निओप्टेरिन केलं असतं तर काही वेगळं केलं असतं का तुम्ही? म्हणाल्या नाही. टीबीच्या मेनिंजायटिसमधे, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येते त्यात, पण ते वाढतं, दुसऱ्या कशानं पण वाढतं, एकट्या त्या आकड्यावर औषध ठरत नाही. लेकीचं तोंड पडलं जरा. मला उलट बरं वाटलं, न झालेल्या टेस्टची चुटपुट गेली.

म्हणून नुसतं कुतूहल म्हणून कुणी पाठ टोचून घेऊ नका, हात कापतोय, चाल बिघडलीय, विसरायला होतंय, एमआरआयला डाग आहेत आणि रक्तात सगळं छान, अशा वेळी डॉक्टर म्हणाले तर मात्र टाळू नका. जाताना एवढं विचारा: सुई पेन्सिल पॉइंट आहे का, पाण्याचा व्हायरल लोड फॉर्मवर लिहिलाय का, त्याच दिवशी रक्त घेणार का, आणि उरलेली ट्यूब फेकणार की ठेवणार. चौथा प्रश्न विचारला की लॅबवाले जरा टरकून वागतात, स्वानुभव.

खर्च, २०२१ चा, माझ्या बिलावरचा: प्रोसिजर आणि डे-केअर धरून सहा हजार आठशे, सुईचे वेगळे, टेस्टचे मिळून नऊ हजारच्या आसपास, त्यातला निम्मा पाण्याच्या व्हायरल लोडचा. सोसायटीतून कर्ज काढलं होतं. रक्ताचा व्हायरल लोड आणि गोळ्या एआरटी सेंटरला फुकटच, काही अडलं तर एड्स हेल्पलाइनच्या १०९७ ला फोन करून विचारता येतं, मराठीत बोलतात.

पार्किंग नाही, रिक्षावाल्याला मागच्या गेटला सोडायला सांगा, तिथून लिफ्ट जवळ पडते. कॅन्टीनचा उपमा घेऊ नका, पोहे घ्या.

हाताचं विचाराल तर आता दोरा पहिल्या-दुसऱ्या फटक्यात जातो. काळ्या कापडावर काळा दोरा असला की लेकीला हाक मारते, पण ते तर आधीपासूनच.